उद्यापन नसलेलं व्रत

डॉ. इंदुमती पाठक यांच्याविरुद्ध माझी एक जुनी तक्रार आहे आणि ती या गौरवग्रंथात रीतसर नोंदवली जावी, अशी ग्रंथसमितीला नम्र विनंती. डॉक्टरबाईंनी माझी उंची दीड इंचानं कमी केली. त्यांची ओळख होण्यापूर्वी मी पाच फूट आठ इंच होतो. लग्नाच्या वेळी परिचयपत्रात तसं स्पष्ट लिहिलेलं होतं, सासरच्यांनी ते मान्य केलेलं होतं आणि पुढं बरीच वर्षं मी त्या उंचीवर सुखानं नांदत होतो. आईचे गुडघे दुखत होते म्हणून तिला घेऊन हिंगोलीतल्या त्यांच्या दवाखान्यात गेलो आणि बाकावर जागा नव्हती म्हणून भिंतीला टेकून उभा राहिलो, एवढाच माझा गुन्हा. त्या भिंतीवर इंचांची पट्टी रंगवलेली होती. डॉक्टरबाई आतून आल्या, मला न्याहाळलं आणि म्हणाल्या, "उभेच आहात तर नीट उभे राहा. चप्पल काढा. टाचा भिंतीला. हनुवटी खाली." डोक्यावर लाकडी फळी टेकवली आणि बसलेल्या तमाम बायांसमोर मोठ्यानं वाचलं, "पाच फूट साडेसहा."

आई म्हणाली, "अगं बाई! पत्रिकेत तर पाच-आठ टाकलं होतं की रे."

ही आमची पहिली ओळख.

मी पडलो दर रविवारी इथल्या एका दैनिकात लोकांची उणीदुणी काढून पोट भरणारा माणूस. दुसऱ्याच आठवड्यात मी डॉक्टरबाईंवर लिहिलं. बाई ताप घेऊन जावो की खोकला, या दवाखान्यातून ती उंची घेऊनच बाहेर पडते. पुढंमागं इथं मापं घेता घेता शिंपीकामही सुरू होईल, असा त्याचा मथितार्थ. डॉक्टर रागावतील, निदान आईला औषध देताना तोंड वाकडं करतील, अशी माझी अपेक्षा होती. पुढच्या खेपेला गेलो तर ते कात्रण दवाखान्याच्या भिंतीवर चिकटवलेलं. त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका मात्र लाल शाईनं दुरुस्त केलेल्या होत्या.

डॉक्टरबाई मूळच्या बायांच्या डॉक्टर. बाळंतपणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम. पण ज्यांची बाळंतपणं त्यांनी केली त्या बाया म्हाताऱ्या होऊ लागल्या आणि पुन्हा त्यांच्याकडंच येऊ लागल्या. या वेळी पोट धरून नव्हे, कंबर धरून. पाळी गेली की बाईचं हाड आतून पोकळ होत जातं. मणका न सांगता, न पडता, नुसता जागच्या जागी खचून बसतो. बाईला वाटतं पाठ दुखते. घरच्यांना वाटतं कामाचा कंटाळा. बाई हळूहळू वाकते आणि लोक म्हणतात, वयच झालं. भिंतीवरची पट्टी ही या सगळ्यावर डॉक्टरबाईंनी बसवलेली साक्षीदार होती. "बाया दुखणं लपवतात," त्या मला एकदा म्हणाल्या होत्या. "उंची लपवता येत नाही. तुम्हीही प्रयत्न केलाच होता."

रोग्याशी कसं बोलावं, हेही त्यांच्याकडून शिकण्यासारखं. एकदा मी बसलेलो असताना एक मुलगा आईला घेऊन आला. डॉक्टरबाईंनी विचारलं, "कुठं दुखतं?" तर पोरगा म्हणाला, "तिला काय इचारता मॅडम, तिला काय कळतंय? मी सांगतो ना."

"पाठ तुमची दुखते का?"

"न्हाई."

"मग बाहेर बसा. चहा येईल." आणि मग त्या म्हातारीकडं वळून, "बोला बाई. आता मला सगळा वेळ आहे." त्यांना सगळा वेळ नव्हता, बाहेर बाया दाटीवाटीनं बसल्या होत्या. पण ज्या बाईला घरात कुणी 'ए म्हातारे'च्या पलीकडं हाक मारली नव्हती, तिला 'अहो' म्हणणारं माणूस त्या दवाखान्यात बसलेलं होतं.

इथपर्यंत लेख बरा चाललाय. समितीच्या सचिवांना मी एवढंच वाचून दाखवलं असतं तर त्यांनी मला चहाबरोबर भजीही दिली असती. 'पंचाहत्तरीचा ग्रंथ आहे, गोड लिहा' असं त्यांनी बजावलेलं आहे. पण डॉक्टरबाईंची अट वेगळी होती. "तुम्ही लिहिणार असाल तर मथुराबाईंचं लिहा. ते गाळायचं असेल तर माझं नावही गाळा." म्हणून आता गोड संपलं. पुरण तेवढं पुढं येईल.

हाडांसाठी एक सुई निघाली आहे. सहा महिन्यांतून एकदा, दंडात किंवा पोटाच्या कातडीखाली. गुण चांगला. आमच्याकडं ती येऊन रुळली तेव्हा डॉक्टरबाईंना आनंद झाला, कारण हाडांच्या जुन्या गोळ्या बाया विसरायच्या, नाहीतर सुनेच्या पाठदुखीला देऊन टाकायच्या. पण सहा महिने हे मापही गावात चालत नाही. सोयाबीनची काढणी चालते, हळद शिजवणं चालतं, पोरीचं बाळंतपण चालतं. 'सहा महिने झाले' हे चालत नाही. तेव्हा डॉक्टरबाईंनी एक युक्ती काढली. एक सुई पाडव्याला, एक दसऱ्याला. सणाच्या आगेमागे चार दिवस इकडं-तिकडं झाले तरी तारीख डोक्यात पक्की राहते. बाया खूश झाल्या. एकीनं विचारलं, "म्हंजी व्रतच की बाई हे?" डॉक्टरबाई म्हणाल्या, "व्रतच समजा."

आणि मला म्हणाल्या, "यावर एक ओळ लिहून द्या. भिंतीवर रंगवून घेऊ."

मी जागच्या जागी दिली:

पाडवा-दसरा नेम धरा,
हाडांचं हे व्रत करा.

खाली माझं नाव. निळ्या रंगात, ओळीपेक्षा किंचित मोठं. रंगाऱ्याला मी तशी सूचना केली नव्हती. मी फक्त तिथं उभा होतो.

व्रताची युक्ती लागू पडली. पाडव्याच्या आदल्या दिवशी दवाखान्याबाहेर चपलांचा खच पडायचा. नव्या बांगड्या, डोक्यावरून पदर, हातात साखरेच्या गाठी. सुई टोचून घेताना बाया हात जोडायच्या. मी ते बघून पुन्हा लिहिलं, कौतुकानं. एक गोष्ट आमच्या लक्षात आली नाही. म्हणजे डॉक्टरांच्या नाही आणि आयुष्यभर लोकांच्या खोडी ओळखण्याचा धंदा केलेल्या माझ्याही नाही. आपल्याकडं व्रत म्हटलं की त्याला उद्यापन आलं. सोळा सोमवार असोत की आणखी काही, ठरलेला काळ भरला, मनासारखं फळ मिळालं, की चारचौघांना जेवू घालून व्रत संपवायचं. बिनउद्यापनाचं व्रत आमच्या बायांना ठाऊकच नाही.

मथुराबाई नरसी नामदेवच्या पुढच्या एका गावातल्या. पाठीला काठी बांधल्यासारख्या ताठ आणि गावातल्या निम्म्या पुरुषांपेक्षा उंच. माझी दीड इंचाची कथा त्यांनी दवाखान्यात ऐकली होती, तेव्हापासून मला बघितलं की म्हणायच्या, "या पाच-आठ! बसा." त्यांच्या घरात माजघराच्या भिंतीत उंचावर एक लाकडी खुंटी होती. सासूनं ती ठोकून घेतली होती म्हणे, पोरांचा हात पोचू नये म्हणून. घरातला एकच हात तिथं पोचायचा, मथुराबाईंचा. बियाण्याची पिशवी, कपाटाची किल्ली, लेकरांपासून लपवलेला गूळ, जे काही महत्त्वाचं ते त्या खुंटीवर. मुलगा बालाजी चांगला दणकट माणूस, पण किल्ली हवी असली की त्यालाही आईला हाक मारावी लागायची. घरातली त्यांची सत्ता ही अशी खुंटीच्या उंचीवर टांगलेली होती.

त्यांनी पाच वर्षं नेम धरला. एकही पाडवा चुकला नाही, एकही दसरा चुकला नाही. मग नांदेडला हाडाची तपासणी करून आल्या आणि हाड बरंच भरून आलेलं निघालं. त्या दसऱ्याला मथुराबाई दवाखान्यात आल्या त्या सुई घ्यायला नाही, उद्यापन करायला. बालाजीच्या गाडीत पुरणपोळ्यांची पाटी, तुपाची बरणी, आणि डॉक्टरबाईंसाठी खण-नारळ. "व्रत फळलं बाई. आता उद्यापन करून टाकते."

डॉक्टरबाईंनी विचार केला, नाही असं नाही. पण त्यांच्या हाताखालून वर्षानुवर्षं ज्या जुन्या गोळ्या गेल्या होत्या, त्यांची रीत त्यांना ठाऊक होती. त्या गोळ्या हाडात मुरून बसतात. काही वर्षं घेतल्या की मध्ये विसावा दिला तरी चालतो. ही नवी सुईही तशीच असेल, असं त्या धरून चालल्या. रिपोर्ट चांगला होता, बाई आनंदात होती, ओटी समोर होती. "बरं झालं," त्या म्हणाल्या. "आता आराम करा. पुढच्या वर्षी बघू." त्यांनी ओटी घेतली आणि पुरणपोळी खाल्ली. मीही खाल्ली. दोन खाल्ल्या आणि हात धुऊन, 'व्रताचं फळ ताठ कणा' असं एक छोटंसं भाषणही केलं. बायांनी टाळ्या वाजवल्या. त्या दसऱ्यानंतर आणखी काही जणींनी उद्यापनं केली.

पुढचा पाडवा आला, मथुराबाई आल्या नाहीत. त्यांचं व्रत संपलेलं होतं. हळदीचे दिवस होते. शिजवलेली हळद अंगणात पसरताना त्या वाकल्या आणि पाठीत कच्चकन काहीतरी झालं. घरच्यांना वाटलं उसण भरली. उसणीवर आमच्याकडं उपाय ठरलेला: पायाळू माणसाचा, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेल्याचा, पाय पाठीला लावायचा. गल्लीतल्या एका पायाळू सुनेनं भक्तिभावानं पाय लावला. आठ-पंधरा दिवसांनी खाटेवरून उठताना पुन्हा तसंच झालं, जरा वर. तेव्हा बालाजीनं आईला गाडीत घालून आणलं.

मी त्या दिवशी आईची औषधं न्यायला आलो होतो. मथुराबाई दारातून आत आल्या आणि मी त्यांना ओळखलं नाही. त्यांनी मला ओळखलं. "या पाच-आठ," म्हणाल्या. पण आवाज खालून आला.

डॉक्टरबाईंनी त्यांना पट्टीपाशी उभं केलं. फळी टेकवली. वाचली. पुन्हा टेकवली. मग म्हणाल्या, "टाचा नीट लावा बरं." टाचा नीटच होत्या. त्या वेळी डॉक्टरबाईंनी आकडा मोठ्यानं वाचला नाही. त्या दवाखान्यात उंची पहिल्यांदाच मनात वाचली गेली.

क्ष-किरणाच्या फोटोत मणके बसलेले दिसले, एकापेक्षा जास्त. डॉक्टरबाईंनी आपल्या एका जुन्या विद्यार्थिनीला फोन लावला. ती आता मोठ्या शहरात हाडांचंच बघते. मी समोर होतो. पलीकडचं ऐकू येत नव्हतं, अलीकडचं येत होतं. "हो... नाही, मागं काही लावलं नाही... काहीच नाही... मला वाटलं गोळ्यांसारखंच..." मग बराच वेळ नुसतं ऐकणं. फोन ठेवून त्या म्हणाल्या, "ही माहिती छापून आलेली होती. मी वाचलेली नव्हती." एवढंच. 'मला कुणी सांगितलं नाही' असं त्या म्हणाल्या नाहीत. मी त्यांच्या जागी असतो तर औषध कंपनी, सरकार, शिक्षणपद्धती आणि अधिक मास यांपैकी कुणावर तरी एक फर्मास रविवारचा लेख पाडला असता.

दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "तुमची गाडी आहे ना? मला मथुराबाईंच्या घरी सोडा." शहरातल्या एका डॉक्टर मित्रांनी त्यांना समजावलं होतं की असं घरी जाऊन कबूल करायचं नसतं, लोक डोक्यावर बसतील. त्या म्हणाल्या, "बसू द्या. आधी मथुराबाईंच्या पाठीवर बसलंय ते बघू." मी गाडी काढली. खरं सांगायचं तर मला वाटत होतं, एक चांगला लेख मिळेल.

मथुराबाई माजघरात बाजेवर होत्या. बालाजी दारातच आडवा उभा राहिला.

"आता काहून आलात मॅडम?"

"सांगायला आलेय. मथुराबाईंची सुई मी थांबवायला नको होती. थांबवायची तर तिच्या मागं दुसरं औषध लावायला हवं होतं. ते मी लावलं नाही. मणके त्यामुळं बसले. चूक माझी आहे."

बालाजीला बहुधा भांडण अपेक्षित होतं. समोरून भांडणच न आल्यानं त्याचा राग जास्त वाढला. "पाच वर्ष आमी शेतातली कामं टाकून मायला तुमच्याकडं आणून राहिलो. तुमी म्हणाल तसं बराबर केलं. आन आता तुमी म्हणता चूक झाली? मंग आता तुमच्यावर भरोसा काहून ठेवायचा?"

"ठेवू नका. नांदेडला दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा, मी चिठ्ठी देते, फोनही करते. पण दाखवा. घरी ठेवू नका. आत्ता औषध लावलं नाही तर आणखी मणके बसतील."

बाजेवरून आवाज आला. "ए बालाजी, सरक बाजूला. बाईला आत येऊ दे. आन त्या पाच-आठला बी."

डॉक्टरबाई आत जाऊन जमिनीवर बसल्या. गुडघे त्यांचेही काही तरुण नव्हते. मथुराबाईंनी हात लांबवून त्यांच्या खांद्यावर ठेवला. "उद्यापन म्या केलं बाई. तुमी निस्तं जेवलात."

"जेवले, तीच तर चूक."

"काहून? पुरण बिघडलं होतं काय?"

मला हसू आलं आणि आलेलं हसू कुठं ठेवावं कळेना. डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर राखण्या बसवता ना, पाखरं हाकायला? जुन्या गोळ्या म्हणजे शेताला घातलेलं कुंपण. माणूस गेला तरी कुंपण काही दिवस राहतं. ही सुई म्हणजे माळ्यावरचा राखण्या. तो आहे तोवर एक दाणा जात नाही. पण पाखरं गेलेली नसतात. बांधावरच्या झाडांवर दबून बसलेली असतात. तो खाली उतरला की सगळी एकदम उतरतात. म्हणून एक उतरायच्या आधी दुसरा वर चढवावा लागतो."

मथुराबाई आढ्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजी तुमी राखण्याला जेवायला खाली बोलावलं, आन दुसऱ्याला वर चढवलंच न्हाई."

"हो."

"पाखरानं किती खाल्लं?"

"तीन मणके."

"ते परत भरतंय?"

"हाड थोडं भरेल. बसलेला मणका उठत नाही."

"मंग खुंटी?"

आम्ही सगळ्यांनी भिंतीकडं बघितलं. खुंटीवर कापडी पिशवी लटकत होती. कधीपासून तशीच असावी. डॉक्टरबाईंनी 'होईल हळूहळू' म्हणायला काही हरकत नव्हती. मी असतो तर म्हणालो असतो, आमच्या धंद्यात त्याला माणुसकी म्हणतात. त्या म्हणाल्या, "नाही मथुराबाई. खुंटीला हात पोचणार नाही आता. पण आहात त्याच्या खाली तुम्हाला जाऊ न देण्यासाठी जे करायचं ते करीन."

बालाजी दारात उभा होता. मी जमिनीकडं बघत होतो. हळदीचा पिवळा रंग जमिनीच्या फटीत उतरलेला होता, तो मला अजून दिसतो. माझ्या डोक्यात तोवर जुळत आलेला लेख तिथंच कुठंतरी गळून पडला. आयुष्यभर मी दुसऱ्यांची चूक सांगत आलो, ती कधी त्यांच्या घरात जमिनीवर बसून सांगितली नव्हती. आणि स्वतःची सांगायची तर मला बसायला जमीनच सापडत नव्हती. त्या व्रताची ओळ माझी होती. उद्यापनाचं भाषण माझं होतं. मी एक शब्द बोललो नाही.

मथुराबाईंनी मुलाला हाक मारली. "बालाजी, हातोडा आण. खुंटी काढ आन खाली ठोक."

"कुठं ठोकू?"

"माझा हात पोचंल तिथं. आन उद्या गाडी काढ. बाईकडं जायचंय."

"नांदेडला न्हाई?"

"जिनं चूक सांगितली तिला पुढलं बी बराबर ठावं असंल. न सांगणाऱ्याकडं कशाला जाऊ?"

त्या उन्हाळ्यात डॉक्टरबाई उद्यापन झालेल्या प्रत्येक बाईच्या घरी गेल्या. वारंगा फाट्याकडं, कनेरगाव नाक्याकडं, काही घरं तांड्यांवरची. गाडी माझी, चालवणाराही मीच. प्रत्येक दारात तेच वाक्य: "चूक माझी आहे, तुमची नाही." एका घरी सरबत मिळालं. एका घरी सुनेनं दार लावून घेतलं. दुसऱ्या खेपेला उघडलं. एक आजी म्हणाल्या, "डॉक्टर असून चूक म्हणती, म्हंजी ही खरीच डॉक्टर दिसते." मी बहुतेक ठिकाणी गाडीतच बसून राहिलो. ऊन होतं, असं मी सांगत असे.

मथुराबाईंची सुई पुन्हा सुरू झाली. काही वर्षांनी ती थांबवायची वेळ आली तेव्हा आधी रक्ताची, मूत्रपिंडाची तपासणी झाली आणि पुढच्या सुईच्या ठरल्या वेळी तिच्या जागी हाडाचं सलाईन लावलं गेलं, वर्षातून एकदा देतात ते. काहींना सलाईनऐवजी आठवड्याची गोळी दिली जाते: उपाशीपोटी, पेलाभर पाण्याबरोबर, आणि मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही. ही शेवटची अट ऐकून आमच्याकडच्या बाया पोट धरून हसतात. सकाळच्या वेळी त्यांना आडवं होऊ कोण देतं? शिवाय कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, सोसेल तेवढं चालणं आणि मधूनमधून रक्ताची तपासणी, कारण दुसरा राखण्याही माळ्यावर झोपू शकतो. कुणाला काय द्यायचं हे ज्याच्या-त्याच्या डॉक्टरांनी ठरवायचं असतं. मी केवळ गाडीचालक या नात्यानं लिहितोय. मथुराबाईंचा त्यानंतर एकही मणका बसलेला नाही. त्या वाकून चालतात, पण चालतात. पिशवी, किल्ली आणि गूळ पुन्हा त्यांच्या ताब्यात आहेत. आता ती खुंटी घरातल्या लेकरांच्याही हाताला येते, म्हणून त्या गूळ मोजून ठेवतात.

हा लेख लिहायच्या आधी त्यांची परवानगी घ्यायला गेलो होतो. म्हणाल्या, "लिही की. समदं लिही. फकस्त मला बुटकी लिहू नको."

लिहिलेलं नाही, मथुराबाई.

डॉक्टरबाईंची पंचाहत्तरी साजरी करताना त्यांनी केलेली बाळंतपणं, मिळालेले सत्कार, घडवलेल्या विद्यार्थिनी यांविषयी या ग्रंथात इतरांनी लिहिलं असेलच आणि ते सारं खरंच आहे. माझ्यापुरतं सांगायचं तर मला त्यांच्या सर्व कामात ती एक चूक आणि तिच्यामागून केलेली ती दारोदारची फेरी सर्वांत मोठी वाटते. ती आठवली की अभिमान वाटायला हवा. मला अजून शरमच वाटते. दर पाडव्याला डॉक्टरबाई सगळ्या बायांसमोर स्वतः पट्टीपाशी उभ्या राहतात आणि फळी बायांना टेकवायला लावतात. माझी देवाकडं एवढीच मागणी आहे की ती फळी पुढची पंचवीस वर्षं त्याच रेघेवर टेकत राहो, त्यांचे गुडघे, डोळे आणि धारदार जीभ शाबूत राहोत आणि त्यांच्या दवाखान्यात बसायला जागा न मिळालेल्या प्रत्येक फुशारकी मारणाऱ्या माणसाची उंची त्यांच्या हातून योग्य तेवढी कमी होत राहो.

एक राहिलं. मथुराबाईंच्या घरून परतताना डॉक्टरबाई मला म्हणाल्या होत्या, "ती भिंतीवरची ओळ बदलायला हवी. तुमची आहे, मी कशी पुसू? नवी लिहून द्या. यमक नसलं तरी चालेल." मी हो म्हणालो होतो. त्यांनी तेवढ्यापुरतं ओळीवर एक कॅलेंडर टांगलं. दरवर्षी नवं कॅलेंडर त्याच खिळ्यावर येत राहिलं आणि मी दरवर्षी पुढच्या आठवड्यात नक्की, असं म्हणत राहिलो. यमक जुळत नव्हतं, हे कारण होतं.

काल दुपारी दवाखाना रिकामा असताना गेलो. कॅलेंडर उतरवलं. ओल्या फडक्यानं ओळ जाईना, म्हणून खरवडली, वर पांढरा हात मारला, वाळेपर्यंत बाकावर बसलो. मग निळ्या रंगात लिहिलं: 'ही सुई आपल्या मनानं बंद करू नये. थांबवायची असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. तिच्या मागं दुसरं औषध घ्यावं लागतं.'

संध्याकाळच्या वेळेसाठी लवकर आलेली एक बाई बाकावर बसून बघत होती. तिनं विचारलं, "काय लिहून राहिले भाऊ?" मी वाचून दाखवलं.

"हे तर बाई तोंडानंच सांगतात समद्यांना," ती म्हणाली. "आन खाली नाव न्हाई टाकलं?"

"नको."

कॅलेंडर हातात उरलं होतं. जुना खिळा उपटला आणि शेजारी नवा ठोकला. वाकलेल्या बाईचाही हात पोचेल, एवढ्या उंचीवर.